दहावीतली मुलगी, फिल्टरमधला चेहरा आणि सुटलेले रात्रीचे जेवण

माजलगाव तालुक्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत शिकणारी. शाळेच्या आणि शिकवणीच्या सूचना व्हॉट्सॲपवरच येतात म्हणून तिला स्वतंत्र फोन घेऊन दिला. त्यानंतरच्या काही महिन्यांत ती इन्स्टाग्रामवर रात्री उशिरापर्यंत जागू लागली, स्वतःचे फोटो काढून लगेच पुसून टाकू लागली, रात्रीची भाकरी तिने सोडली आणि "मी जाड आहे, काळी आहे" हे वाक्य घरात रोज ऐकू येऊ लागले. फोटो निघतील म्हणून ती चुलत बहिणीच्या हळदीला गेली नाही. मैत्रिणीने सुचवलेली कसलीशी क्रीम ती चेहऱ्याला लावते. वडिलांचे म्हणणे आहे की फोन काढून घ्यावा, आजीचे म्हणणे आहे की दहावी झाली की शिक्षण पुरे. हे खरोखर फोनमुळेच झाले आहे का आणि आता नेमके काय करावे, असे आईने विचारले आहे.

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणे नंतर देतो. फोन एका फटक्यात काढून घेऊ नका, पण रात्रीचा फोन मात्र आजपासून बंद करा. जेवण सुटणे आणि ती क्रीम या दोन गोष्टी डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा, कारण या प्रश्नात सर्वांत तातडीचे तेच आहे. आणि मुलीच्या शिक्षणाचा विषय या फोनच्या विषयाशी कोणत्याही परिस्थितीत जोडू नका. आजींना तसे स्पष्ट सांगण्याचे काम वडिलांनी करावे, तुमच्यावर सोडू नये.

आता हे फोनमुळे झाले का, याविषयी. या बाबतीत छातीठोकपणे बोलणाऱ्यांवर, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, फार विश्वास ठेवू नये. 2019 मध्ये ॲमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी लाखो किशोरवयीनांची माहिती तपासली, तेव्हा मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक असतो त्यापैकी फार तर 0.4 टक्के भागच डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो असे दिसले. एवढ्यावरून काहीजण निर्धास्त होतात. परंतु ही सरासरी आहे, आणि सरासरीत ज्या मुलीला काहीच झाले नाही ती आणि जिने जेवण सोडले ती, अशा दोघी एकत्र मोजल्या जातात. याच ऑर्बेन यांच्या गटाने 2022 मध्ये असे मांडले की मुलींमध्ये साधारण 11 ते 13 या वयात समाजमाध्यमांचा वापर जितका जास्त, तितके पुढच्या वर्षीचे समाधान कमी असल्याचे दिसते. मुलग्यांत हाच काळ 14 ते 15 असा थोडा उशिराचा आहे. खुद्द फेसबुक कंपनीच्या अंतर्गत पाहण्यांची कागदपत्रे 2021 मध्ये तिथल्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी बाहेर आणली. त्यांतील एका पाहणीत, स्वतःच्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढल्याचे सांगितले होते. यातील 'आधीच' हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फोन बहुतेक वेळा नवे दुखणे निर्माण करत नाही. जिथे आधीच दुखरे असते तिथे तो दिवसातून शंभरदा बोट लावतो.

पडद्यावरच्या चित्रांचा असा परिणाम होऊ शकतो हे समाजमाध्यमे येण्यापूर्वीच दिसले होते. फिजी बेटांच्या एका भागात 1995 मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. तिथे भरदार शरीर हे सुदृढपणाचे लक्षण मानले जाई. संशोधक ॲन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची 1995 मध्ये आणि पुन्हा 1998 मध्ये पाहणी केली, तेव्हा खाण्याविषयीच्या बिघडलेल्या दृष्टिकोनाचे प्रमाण 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेले होते, आणि वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करण्याचा प्रकार, जो पहिल्या पाहणीत एकाही मुलीने सांगितला नव्हता, तो 11.3 टक्के मुली सांगत होत्या. दूरचित्रवाणीवरची नटी मात्र दूरची असते, तिच्याशी आपली बरोबरी नाही हे मुलगी जाणून असते. इन्स्टाग्रामवर शेजारच्या तुकडीतली मुलगी असते, आतेबहीण असते, बीडच्या कॉलेजात गेलेली गावचीच ताई असते. माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्याच माणसांशी ताडून, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्येच मांडले होते. आता त्या तुलनेला लाईकचा आकडाही जोडलेला असतो, आणि तो सगळ्यांना दिसतो.

त्यातही जिच्याशी तुलना होते तो चेहरा खरा नसतो. हे मुलींना तोंडाने माहीत असते, डोळ्यांना माहीत नसते. माझ्याकडे आलेल्या नववीतल्या एका मुलीने समोर बसून तिच्या फोनमधली फोटोंची मालिका दाखवली होती. एकाच ओढणीतले, एकाच खिडकीजवळचे तीसेक फोटो, आणि त्यांपैकी एकही कोणाला न पाठवलेला. मी तिला समोरच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्यूटी मोड कुठे आहे ते शोधायला सांगितले. तो चालू आहे हेच तिला ठाऊक नव्हते, फोन घेतला तेव्हापासून तो तसाच होता. बंद केल्यावर तिने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, कॅमेरा खराब झाला." म्हणजे गुळगुळीत त्वचा, किंचित मोठे डोळे आणि निमुळती हनुवटी हा तिच्या लेखी तिचा खरा चेहरा ठरला होता, आणि आरशातला चेहरा हा त्यातला बिघाड. त्यानंतर तिच्या आईला हात लांब करून दोन मीटरवरून मागच्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढायला सांगितला. नाक बारीक दिसले. यात जादू काही नाही. 2018 मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी गणित मांडून दाखवले होते की साधारण 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक 5 फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसते. नाकाचे दुःख घेऊन येणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून करून दाखवतो. सगळ्यांचे समाधान होते असे नाही, पण शंका येऊ लागते, आणि सुरुवातीला तेवढी शंका पुरते.

दुसरी गोष्ट म्हणजे रील कशी पुढे येतात. मुलीने पोट कमी करण्याचा एखादा व्हिडिओ पूर्ण पाहिला, आवडला म्हणून नव्हे, नुसती नजर खिळली म्हणून, तरी ॲप त्याची नोंद घेते. मग तसेच आणखी येतात: सात दिवसांत कंबर बारीक, रात्री जेवणाऐवजी जिऱ्याचे पाणी, मान गोरी करण्याचा घरगुती उपाय. चार दिवसांत तिचा पडदा तुमच्या पडद्यापेक्षा इतका वेगळा होतो की एकाच घरात, एकाच वायफायवर दोघी दोन निराळी गावे पाहत असता. म्हणून "ती किती वेळ पाहते" यापेक्षा "तिला काय दाखवले जाते" हा प्रश्न अधिक कामाचा आहे. आठवड्यातून एकदा शेजारी बसून तिच्याच हाताने तिची रील खाली सरकवू द्या आणि नुसते पाहा. शेरे मारू नका. दहा मिनिटांत तुम्हाला तिच्या मनातले जितके कळेल तितके तासभर बोलून कळणार नाही.

परंतु हे सगळे फोनवर ढकलून मोकळे होता येणार नाही. आपल्याकडे मुलीच्या रंगाची आणि अंगकाठीची मोजदाद फोन येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. बायोडाट्यात रंग गोरा, निमगोरा, सावळा असा स्वतंत्र रकाना असतो. मुलगी दहावीला गेली की आल्यागेल्या पाहुण्यांचे पहिले वाक्य तिच्या अभ्यासाविषयी क्वचितच असते, "किती काळवंडली", "जरा सुटलीस गं", "आता अंगावर लक्ष दे, स्थळं यायला लागतील" असेच ते असते. उन्हात कापूस वेचायला जाणाऱ्या, टँकरमागे पाण्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीचा रंग रापणारच, पण तो तिचा दोष असल्यासारखा बोलला जातो. माझ्या खोलीत मुली जी वाक्ये रडत सांगतात त्यांतली निम्मीअधिक कोणा परक्याने कमेंटमध्ये लिहिलेली नसतात. ती आत्या, काकू, भाऊ यांनी हसत हसत उच्चारलेली असतात. तेव्हा माझी तुम्हाला पहिली घरगुती सूचना अशी की निदान सहा महिने या घरात कोणाच्याही शरीराविषयी, स्वतःच्याही, चांगले किंवा वाईट काहीही बोलायचे नाही असे ठरवा. तुम्ही आरशासमोर "किती जाड झालेय मी" म्हणत असाल, तर ती ते ऐकते.

तिने "मी जाड आहे" म्हटले की "नाही गं, किती छान दिसतेस" हे उत्तर ओठांवर येते. ते प्रेमाने दिलेले असले तरी त्याने विषय दिसण्यावरच राहतो, आणि ती तुम्हाला खोटे ठरवण्यासाठी आणखी पुरावे गोळा करते. त्यापेक्षा "आज असं वाटायला काय झालं?" एवढेच विचारा आणि थांबा. बहुतेक वेळा त्यामागे एखादी घटना निघते: वर्गाच्या ग्रुपवर आलेला फोटो, कोणीतरी ठेवलेले नाव, मैत्रिणीच्या स्टेटसमधून वगळले जाणे.

शरीर या वयात बदलणारच. प्रौढपणीच्या वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन पौगंडावस्थेच्या काळात वाढते, आणि मुलींच्या बाबतीत त्यात नितंब, मांड्या आणि छातीवरील चरबीचा मोठा वाटा असतो. पाळी नीट बसण्यासाठी ती चरबी लागते. हे कोणी आधी सांगितलेले नसले तर मुलीला ती वाढ म्हणजे स्वतःचा निष्काळजीपणा वाटतो, आणि ती ती वाढ उपाशी राहून रोखू पाहते.

आता जेवणाविषयी. रात्रीची भाकरी सोडणे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण उपवास आणि "भूक नाही" या दोन सबबी घरात सहज खपतात. लातूरला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर खानावळीचा डबा कोणी उघडला की नाही हे पाहणारेच कोणी नसते. पण 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 19 वयोगटातील 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आहे. आधीच रक्त कमी, त्यात एक वेळचे जेवण बंद, त्यात दहावीचा अभ्यास, असे एकत्र आले की चक्कर, डोके दुखणे, पाठांतर न होणे हे ओघानेच येते. उपाशी मेंदू सतत अन्नाचाच विचार करतो, हेही लक्षात ठेवा. दिवसभर आवरून धरलेली मुलगी मध्यरात्री फरसाणाचा डबा संपवते, मग तिला स्वतःची किळस येते, आणि दुसऱ्या दिवशी ती आणखी कडक उपास करते. हे चक्र सुरू झाले की ते मनाच्या निग्रहाने थांबत नाही.

तुम्ही पुढील गोष्टींकडे लक्ष द्या. जेवण झाल्यावर ती लगेच मोरीत जाऊन नळ सोडून ठेवते का, तीन महिने पाळी आलेली नाही असे झाले आहे का, कपडे अचानक सैल झाले आहेत का, उभी राहताना अंधारी येते का, सगळ्यांसोबत जेवायला बसणे टाळते का. यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. उलट बाजूही तपासावी लागते. वजन खरोखर झपाट्याने वाढले असेल, पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर त्यामागे अंतःस्रावी, म्हणजे हार्मोनशी संबंधित, कारण असू शकते. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखा काळेपणा असेल तर तो मळ नाही. अनेक आया तो दगडाने घासतात, मुलींना चारचौघांत "मान घास" म्हणून सांगतात. बहुधा ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचे लक्षण असते, आणि त्यावर उपाय डॉक्टरांकडे आहे, लिंबात नाही.

क्रीमचा मुद्दा मी पुढच्या आठवड्यावर टाकू देणार नाही. ती ट्यूब हातात घेऊन त्यावरचे घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. 2018 मध्ये शासनाने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले, तरी ती "गोरे होण्याची" म्हणून हातोहात फिरतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, उन्हात आग होते, मुरुमे आणि लव वाढते, आणि मलम सोडले की चेहरा लाल होऊन पेटतो. म्हणून ते स्वतःहून एकदम बंद करण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून बंद करा. ट्यूबवर घटक किंवा बनवणाऱ्याचे नावच नसेल तर धोका आणखी मोठा, कारण अशा क्रीममध्ये पारा आढळतो आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होते. ती मात्र त्याच क्षणी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवायला ट्यूब जपून ठेवा.

आता फोन. रात्री साडेनऊनंतर घरातले सगळे फोन, वडिलांचासुद्धा, स्वयंपाकघरातल्या एका फळीवर चार्जिंगला लागले पाहिजेत. फक्त मुलीचा फोन ठेवला तर ती शिक्षा ठरते, सगळ्यांचे ठेवले तर तो घरचा नियम ठरतो. इन्स्टाग्रामवर तिची जन्मतारीख खरी आहे का ते पाहा. 2025 च्या फेब्रुवारीपासून भारतात किशोरवयीनांची खाती आपोआप खासगी राहतात, रात्री 10 ते सकाळी 7 सूचना बंद असतात आणि 16 वर्षांखालील मुलांना ही बंधने सैल करण्यासाठी पालकांची परवानगी लागते. पण आपल्याकडच्या किती मुलींनी जन्मसाल मागचे टाकलेले असते किंवा दादाच्या जुन्या खात्यावरच सगळे चालू असते, हे मी रोज पाहतो. अशा खात्याला यातले काहीच लागू होत नाही. सुचवल्या जाणाऱ्या रील पुन्हा कोऱ्या पाटीपासून सुरू करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, लाईकचा आकडा लपवण्याचीही आहे. या दोन्ही गोष्टी तिच्याकडूनच करून घ्या. वापर कमी करण्याचा उपयोग होतो का, याचे एक बऱ्यापैकी उत्तर 2023 मध्ये कॅनडातून आले. चिंता किंवा नैराश्याची लक्षणे असलेल्या 17 ते 25 वयाच्या तरुणांना तीन आठवडे दिवसाला साधारण एक तासाची मर्यादा घालून दिली, तेव्हा स्वतःच्या दिसण्याविषयी आणि वजनाविषयी त्यांचे मत सुधारले. वापर पूर्ण बंद केला नव्हता, साधारण निम्मा केला होता.

पूर्ण बंदीला माझा विरोध आहे तो लाड म्हणून नाही. सहा-सहा महिने ऊसतोडीला गेलेल्या आईबापांशी बोलण्याचे साधन फोनच असते, अभ्यासही त्यावरच असतो. आणि काढून घेतलेला फोन मैत्रिणीच्या घरी पुन्हा उघडतो, फक्त तुम्हाला दिसत नाही. त्याहून मोठे कारण वेगळे आहे. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 वर्षांपूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के आहे, तर बीड जिल्ह्यात ते सुमारे 44 आणि परभणीत 48 टक्के. इथल्या मुलीला पक्के ठाऊक असते की फोनवरून काही भानगड घरी कळली तर शाळा सुटेल आणि पाहुणे येऊ लागतील. म्हणून कोणी तिचा फोटो बिघडवून धमकावत असले तरी ती गप्प राहते, पैसे देते, आणखी फोटो पाठवते. आजींचे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले ते याचसाठी. "फोनवर काहीही घडलं तरी तुझी शाळा बंद होणार नाही" हे वडिलांनी तिला आजींच्या समोर, स्वतःच्या तोंडाने सांगावे. तसा धमकीचा प्रकार उद्या कधी निघालाच, तर पुरावे न पुसता पोलिसांकडे जावे किंवा सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या आणि मुलांच्या मदतीसाठीच्या 1098 या क्रमांकावर फोन करावा. तो गुन्हा धमकावणाऱ्याचा असतो.

फोनमधून सुटलेला वेळ कशाने भरायचा हेही ठरवावे लागते, नुसता "पुस्तक वाच" म्हणून तो भरत नाही. आपल्याकडे पहाटे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली रस्त्याने धावताना दिसतात. त्यांच्या घोळक्यात एखादी मुलगी शिरली की तिच्या बोलण्यात मांडी किती जाड याऐवजी 800 मीटरला किती वेळ लागला, गोळा किती लांब गेला हे येऊ लागते. शरीर काय करू शकते याकडे लक्ष वळले की ते कसे दिसते याची धार कमी होते, असे संशोधनही सांगते. शाळेत खो-खो, कबड्डीचा संघ असेल तर दहावीचे वर्ष म्हणून तिला त्यातून काढू नका. फक्त जेवण सुरळीत होईपर्यंत धावणे सुरू करू नये.

दाखवायचे कुठे, हा शेवटचा मुद्दा. अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक चालते, तिथे समुपदेशन विनामूल्य मिळते. वजन, रक्त आणि पाळीची तपासणी तिथूनच सुरू करता येईल. गरज भासल्यास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते. मुलगी जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलली किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि तिला एकटी ठेवू नका. जाताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, तीन दिवसांत तिने काय काय खाल्ले याचे टिपण आणि क्रीमची ट्यूब सोबत ठेवा. डॉक्टरांना थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलू द्या, आणि परतताना गाडीत "काय बोललीस गं?" असे विचारू नका.